टीव्ही गेमिंग मॉनिटर म्हणून वापरताना: आकार, पोर्ट, सेटिंग आणि तपासणी

टीव्ही संगणकाला जोडला की चित्र लगेच दिसतं, पण काहीतरी खटकत राहतं. माउस हलवला की कर्सर जरा मागून येतो. लाल अक्षरांच्या कडा पसरतात, टास्कबारचा खालचा काठ स्क्रीनबाहेर जातो, काळा रंग राखाडी वाटतो. बहुतेक वेळा टीव्ही खराब नसतो आणि ग्राफिक्स कार्डही नाही. टीव्ही येणाऱ्या सिग्नलला चित्रपट समजून त्यावर संस्कार करत बसतो, एवढंच. मॉनिटरकडून आपली अपेक्षा नेमकी उलट असते: जे आलं ते, आलं तसं, ताबडतोब दाखव. त्यामुळे पुढच्या बहुतेक पायऱ्या टीव्हीचा हा उत्साह एकेक करून बंद करण्याच्या आहेत. क्रम मात्र पाळा. पोर्ट आणि केबल बरोबर नसतील तर मेनूत कितीही फिरलात तरी हवे ते पर्याय दिसणारच नाहीत.

आधी आकार, मग बाकी सगळं

टीव्ही टेबलावर ठेवणार की सोफ्यावरून खेळणार, हे आधी ठरवा. सोफ्यावरून खेळायचं तर ५५ किंवा ६५ इंच चालतं आणि पुढची गणितं फारशी आड येत नाहीत. टेबलावर मात्र पिक्सेलची घनता बघावी लागते. ४के (३८४० × २१६० पिक्सेल) रिझोल्यूशनमध्ये ४२ इंचांवर प्रतिइंच सुमारे १०५ पिक्सेल बसतात, ४८ इंचांवर ९२, ५५ इंचांवर ८० आणि ६५ इंचांवर ६८. तुलनेसाठी, २७ इंची १४४०पी (२५६० × १४४०) मॉनिटर १०९ वर असतो आणि २४ इंची १०८०पी (१९२० × १०८०) मॉनिटर ९२ वर. म्हणजे ४८ इंची ४के टीव्हीवरची अक्षरं २४ इंची साध्या मॉनिटरइतकीच बारीक किंवा जाड दिसतात, फक्त जागा चौपट मिळते.

साधारण चांगल्या नजरेला पिक्सेल वेगळे दिसणं थांबतं ते अंतर ४२ इंचांसाठी सुमारे ८३ सेंटीमीटर, ४८ साठी ९५ सेंटीमीटर आणि ५५ साठी १.१ मीटर. नेहमीचं टेबल ६० ते ७५ सेंटीमीटर खोल असतं. त्यावर पायांसकट टीव्ही ठेवला की डोळे आणि पडदा यांत जेमतेम अर्धा मीटर उरतो. म्हणून ४२ इंची टीव्हीसुद्धा टेबलामागच्या भिंतीवर लावणं किंवा किमान ८० सेंटीमीटर खोलीचं टेबल घेणं बरं. ब्रॅकेट घेण्याआधी टीव्हीच्या पाठीवरच्या स्क्रूंमधलं आडवं आणि उभं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून घ्या.

उंचीकडेही लक्ष द्या. ४२ इंची पडदा सुमारे ५२ सेंटीमीटर उंच असतो, ५५ इंची ६८ सेंटीमीटर. वरचा काठ डोळ्यांच्या पातळीच्या फार वर गेला की मान तासाभरात बोलू लागते. टीव्ही शक्य तितका खाली लावा, खालची चौकट टेबलाला जवळपास टेकली तरी हरकत नाही. टेबलावर ५५ इंची म्हणजे नाकापेक्षा मोती जड: नकाशा एका कोपऱ्यात, गोळ्यांचा आकडा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दोन्ही बघायला डोकं फिरवावं लागतं. स्पर्धात्मक शूटिंग गेम हाच मुख्य खेळ असेल तर टीव्हीचा नाद सोडून २४ ते २७ इंची वेगवान मॉनिटर घेतलेला बरा.

खोक्यावरचा १२० नेहमी खरा नसतो

‘मोशन रेट २४०’ किंवा ‘एमईएमसी १२०’ असं लिहिलेल्या कित्येक टीव्हींचं पॅनेल ६० हर्ट्झचंच असतं, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळाच बदलतं. तो आकडा पॅनेलच्या खऱ्या वेगाचा नसतो, हालचाल गुळगुळीत दाखवण्याच्या टीव्हीच्या प्रक्रियेचा असतो, आणि गेमसाठी ती निरुपयोगी, उलट त्रासदायक. तपशीलपत्रकात ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ शोधा.

दुसरी पळवाट जास्त चलाख आहे. काही ४के ६० हर्ट्झ पॅनेल १०८०पी किंवा १४४०पीला १२० हर्ट्झ स्वीकारतात, पण तसं करताना पिक्सेलच्या दोन ओळी एकत्र चालवतात, म्हणजे उभं रिझोल्यूशन निम्मं होतं. याला ड्युअल लाइन गेट म्हणतात. हालचाल खरोखर सुधारते, अक्षरं मात्र खडबडीत होतात. कन्सोलला चालेल, रोजच्या संगणकाला नाही.

‘एचडीएमआय २.१’ हा शब्दही एकटा पुरेसा नाही. त्या मानकातली बहुतेक वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत, त्यामुळे ४के १२० हर्ट्झ न देणारा पोर्टही २.१ म्हणून विकला जाऊ शकतो. पत्रकात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: ४के १२० हर्ट्झ, व्हीआरआर आणि एएलएलएम. व्हीआरआर म्हणजे ग्राफिक्स कार्ड फ्रेम देईल तसा पडद्याचा रिफ्रेश बदलणं. एएलएलएम म्हणजे गेम सुरू झाल्याचं कळताच टीव्हीने स्वतःहून गेम मोडमध्ये जाणं.

पोर्ट, कार्ड आणि केबल

एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट प्रतिसेकंद. त्यात ४के ६० हर्ट्झ ८ बिट (बिट जितके जास्त तितक्या रंगछटा बारीक) पूर्ण रंगांसह बसतं. १० बिट एचडीआर (उजेड-अंधाराची मोठी कक्षा दाखवणारं चित्र) त्याच वेगाने पाठवायचं तर रंगाची माहिती कमी करावी लागते. ४के १२० हर्ट्झ, १० बिट, पूर्ण रंग यासाठी सुमारे ४० गिगाबिट लागतात आणि एचडीएमआय २.१ ची कमाल मर्यादा ४८ आहे.

एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून आणि एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेपासून कार्डांवर एचडीएमआय २.१ आहे. त्याआधीच्या जीटीएक्स १०, १६ आणि आरटीएक्स २० मालिकांत २.० आहे. जुनं कार्ड असेल तर तीन वाटा उरतात. पहिली, १४४०पी १२० हर्ट्झ. हे १८ गिगाबिटमध्ये बसतं आणि जुन्या कार्डाला तसंही ४के झेपत नाही, त्यामुळे बहुतेकांसाठी हीच वाट योग्य. दुसरी, ४के १२० पण ४:२:० रंगात, म्हणजे चार पिक्सेलना मिळून एकच रंगमाहिती. गेम ठीक दिसतो, अक्षरं धूसर होतात. तिसरी, डिस्प्लेपोर्ट १.४ ते एचडीएमआय २.१ असा सक्रिय अडॅप्टर. त्याने ४के १२० मिळतं, पण बहुतेक अडॅप्टरवर व्हीआरआर चालत नाही, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

टीव्हीच्या मागे चार पोर्ट असले तरी पूर्ण क्षमतेचे अनेकदा दोनच असतात. त्यांच्याजवळ ‘४के १२०’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. काही टीव्हींत त्यातलाच एक पोर्ट ई-एआरसीचाही (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा) असतो. साउंडबार तिथे लावला की संगणक आणि कन्सोल मिळून उरतो एकच.

केबलच्या बाबतीत ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं प्रमाणपत्राचं लेबल असलेलीच घ्या. लेबलवरचा कोड स्कॅन करून खातरजमा करता येते. ‘२.१ केबल’ किंवा ‘८के केबल’ हे शब्द कोणीही छापू शकतं. साधी तांब्याची केबल २ ते ३ मीटरपर्यंत ठेवा. संगणक दुसऱ्या टोकाला असेल तर फायबर ऑप्टिक एचडीएमआय केबल लागते. तिची दिशा ठरलेली असते: एका टोकावर स्रोत, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी लावली तर पडदा काळाच राहतो, आणि केबल खराब समजून परत केली जाते.

आणखी एक नेहमीची चूक: केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावणं. ती ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टला जायला हवी.

टीव्हीच्या मेनूत काय, कोणत्या क्रमाने

१. टीव्हीचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. व्हीआरआर आणि ४के १२० च्या तक्रारींवरचे उपाय बऱ्याचदा अपडेटमधूनच येतात.

२. वापरणार त्या पोर्टची पूर्ण क्षमता उघडा. हे सेटिंग प्रत्येक पोर्टला वेगळं असतं आणि अनेक टीव्हींत आधीपासून बंद असतं. एलजीत त्याचं नाव ‘एचडीएमआय डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ खालचं ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. घोडं बहुधा इथेच पेंड खातं: हे बंद असेल तर विंडोजमध्ये १२० हर्ट्झ आणि एचडीआर यादीतच दिसत नाहीत, आणि लोक ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकत बसतात.

३. इनपुटचा प्रकार ‘पीसी’ करा. एलजी आणि सॅमसंगमध्ये इनपुटच्या यादीत जाऊन त्याचं चिन्ह किंवा नाव बदलता येतं. हा नुसता नामकरणाचा भाग नाही. त्यामुळे टीव्ही ४:४:४ रंग (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा पूर्ण रंग) जसेच्या तसे दाखवायला लागतो. एरवी बरेच टीव्ही आत आलेला पूर्ण रंगाचा सिग्नलही शेजारच्या पिक्सेलमध्ये वाटून टाकतात.

४. गेम मोड लावा. चित्रप्रक्रिया पूर्ण चालू असताना टीव्हीचा विलंब सहज ५० ते १०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त असतो. गेम मोडमध्ये ६० हर्ट्झला चांगला टीव्ही १० ते १५ मिलिसेकंदांवर येतो आणि १२० हर्ट्झला ५ ते ७ वर. ६० हर्ट्झची एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची असते, हे लक्षात घेतलं तर हा विलंब हाताला जाणवत नाही.

५. ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र थोडं मोठं करून त्याच्या कडा कापणं, बंद करा. पर्यायाचं नाव ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’, ‘फुल पिक्सेल’ असं काहीही असू शकतं. टास्कबार कापला जात असेल तर कारण हेच. ग्राफिक्स ड्रायव्हरमधून चित्र आक्रसून तो बसवू नका. तसं केलं की प्रत्येक पिक्सेल पुन्हा मोजून काढला जातो आणि सगळं धूसर होतं.

६. नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदनिंग, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ‘सुपर रिझोल्यूशन’ छापाचे सगळे पर्याय बंद. शार्पनेस तटस्थ ठेवा. ही तटस्थ जागा प्रत्येक टीव्हीत शून्यावरच असते असं नाही. सोनीत ती ५० वर असते आणि त्याखाली गेलं की चित्र मऊ पडतं. काळ्या अक्षरांभोवती पांढरी झालर दिसणार नाही, तो कमाल आकडा आपला.

७. वीजबचत आणि खोलीतल्या प्रकाशानुसार उजेड बदलणारा सेन्सर बंद करा. नाहीतर गेममधल्या अंधाऱ्या गुहेत शिरताच पडदा आणखी मंद होईल.

८. रंगतापमान ‘वॉर्म’वर न्या. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. प्रत्यक्षात आधीचंच निळसर होतं.

ही सेटिंग इनपुटनुसार आणि सिग्नलनुसार वेगवेगळी साठवली जातात. साध्या चित्रासाठी नीट लावलेलं सगळं एचडीआर सुरू होताच दुसऱ्या संचाला जागा देतं. म्हणून एचडीआर चालू करून चौथ्या ते आठव्या पायरीची एक फेरी पुन्हा मारा.

संगणकाच्या बाजूने

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ३८४० × २१६० ठेवा आणि स्केलिंग ४२ इंचांसाठी १२५ ते १५० टक्के, ४८ इंचांसाठी १०० ते १२५ टक्के. मग ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन रिफ्रेश रेट १२० निवडा. विंडोज स्वतःहून अनेकदा ६० वरच थांबतं. वर्षभर ६० वर खेळून ‘१२० मध्ये काही फरक नाही’ म्हणणारे कमी नाहीत.

एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशनच्या पानावर खाली एनव्हीडियाची रंगसेटिंग निवडा: आरजीबी, १० बिट (दिसत असेल तर), आणि डायनॅमिक रेंज ‘फुल’. इथे नीट बघा. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा पायऱ्या वापरतो, व्हिडिओची परंपरा १६ ते २३५ ची. दोन्ही टोकांना एकच भाषा हवी. कार्ड ‘लिमिटेड’ आणि टीव्ही ‘फुल’ असेल तर काळा राखाडी होतो. उलट असेल तर अंधारातले सगळे तपशील एका काळ्या डागात बुडतात. टीव्हीच्या बाजूने हे सेटिंग ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ नावाने असतं. आधी ‘ऑटो’ ठेवून बघा, जमलं नाही तर दोन्हीकडे हाताने ‘फुल’ करा.

४:४:४ खरोखर पोहोचतंय का, हे पाहायला स्केलिंग तात्पुरतं १०० टक्के करा, पेंटमध्ये निळी पार्श्वभूमी भरा आणि तीवर लहान आकारात लाल अक्षरं टाइप करा. अक्षरांच्या कडा स्वच्छ असतील तर काम झालं. लाल रंग निळ्यात विरघळल्यासारखा दिसला तर टीव्हीची तिसरी पायरी किंवा कार्डाचा रंगप्रकार चुकला आहे. रंगीत अक्षरं स्वच्छ आणि काळी-पांढरी अक्षरंच खटकत असतील तर कारण निराळं: काही पॅनेलमध्ये उपपिक्सेल (पिक्सेलचे रंगीत तुकडे) लाल-हिरवा-निळा याऐवजी उलट्या क्रमाने असतात, आणि एलजीच्या पद्धतीच्या ओएलईडीत (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणाऱ्या पॅनेलमध्ये) चौथा पांढराही असतो. विंडोजमधलं क्लीअरटाइपचं साधन चालवून डोळ्यांना बरा वाटेल तो नमुना निवडा. थोडी सुधारणा होते, पूर्ण नाही.

व्हीआरआर आणि फ्रेमची मर्यादा

टीव्हीत व्हीआरआर चालू करा. एनव्हीडियात ‘सेटअप जी-सिंक’ पानावर ते सुरू करा, एएमडीत ‘फ्रीसिंक’. टीव्हीची कक्षा साधारण ४० किंवा ४८ ते १२० हर्ट्झ असते. सेकंदाला फ्रेम १२० च्या वर गेल्या की व्हीआरआरचा ताबा सुटतो, म्हणून फ्रेमची मर्यादा थोडी खाली बांधा: १२० हर्ट्झसाठी ११६, १४४ साठी १३८. गेममधला व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या रिफ्रेशशी जुळवणारा पर्याय) बंद आणि कंट्रोल पॅनेलमधला चालू, ही जोडी सर्वात निर्धोक. गेममध्ये एनव्हीडिया रिफ्लेक्स (विलंब कमी करणारा पर्याय) असेल तर व्हीआरआर आणि व्ही-सिंक चालू असताना तो ही मर्यादा स्वतःच पाळतो.

ओएलईडी आणि व्हीए (एलसीडीचा एक प्रकार) पॅनेलवर व्हीआरआरमुळे अंधाऱ्या दृश्यात, विशेषतः लोडिंगच्या पडद्यावर, उजेड थरथरतो. पॅनेलच्या राखाडी छटा ठरावीक रिफ्रेशला जुळवलेल्या असतात. फ्रेमचा वेळ वरखाली झाला की त्या छटाही हलतात. उपाय फ्रेम स्थिर करण्याचा: गेम ७० ते ११० मध्ये उड्या मारत असेल तर मर्यादा ७० किंवा ८० ला बांधा, थरथर बरीच कमी होते.

एचडीआर

विंडोज ११ मध्ये एचडीआर चालू केल्यावर मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन’ हे मोफत ॲप चालवा. त्याआधी टीव्हीत टोन मॅपिंगचा (एचडीआरचा उजेड पडद्याच्या ताकदीत बसवण्याचा) पर्याय ‘एचजीआयजी’वर ठेवा, म्हणजे ते काम गेमवर सोपवलं जातं. तो नसेल तर डायनॅमिक टोन मॅपिंग बंद करा. नाहीतर गेम एकदा उजेडाचं गणित करतो, टीव्ही दुसऱ्यांदा, आणि ढगांमधला तपशील उडून जातो. डेस्कटॉप फिकट वाटला तर एसडीआर (एचडीआर नसलेल्या साध्या चित्राच्या) उजेडाची पट्टी खाली आणा. रोजच्या कामाला एचडीआर बंद ठेवून विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबून हवं तेव्हा चालू करणं सोयीचं. स्वस्त एलईडी टीव्ही एचडीआर सिग्नल घेतात पण पुरेसा उजेड देत नाहीत. त्यांवर साधं चित्रच चांगलं दिसतं.

कन्सोलचं काम सोपं आहे. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये ‘४के टीव्ही डिटेल्स’ पान उघडा, टीव्ही काय काय घेऊ शकतो ते तिथे खुणा करून दाखवलेलं असतं. पीएस ५ मध्ये १२० हर्ट्झ आउटपुट ‘ऑटोमॅटिक’ करा आणि गेम प्रीसेटमध्ये ‘परफॉर्मन्स मोड’ निवडा. ते निवडलं नाही तर अनेक गेम १२० कडे जातच नाहीत.

ओएलईडी असेल तर

ओएलईडीवर एकच चित्र फार वेळ राहिलं की त्याची कायमची खूण उरू शकते. म्हणून टास्कबार आपोआप लपवा, वॉलपेपर काळा ठेवा, पाच मिनिटांत स्क्रीन बंद होऊ द्या. पिक्सेल शिफ्ट (चित्र अधूनमधून किंचित सरकवणं) चालू असू द्या. टीव्ही रिमोटने बंद करा आणि भिंतीवरचं बटण लगेच बंद करू नका: काही तासांच्या वापरानंतर पॅनेलची छोटी दुरुस्तीची फेरी टीव्ही स्टँडबायमध्ये असतानाच चालते. रोज मुख्य वीज तोडली तर ती कधीच होत नाही. पांढरं पान पूर्ण पडदाभर उघडल्यावर उजेड उतरतो तो बिघाड नव्हे, पॅनेलची वीजमर्यादा आहे. दिवसाचे आठ तास तक्ते आणि मजकूर असं काम असेल तर ओएलईडीऐवजी एलईडी घ्या.

आवाज

संगणक आणि टीव्ही यांच्यामध्ये साउंडबार किंवा रिसीव्हर घालून त्यातून चित्र पुढे नेऊ नका, तो ४के १२० आणि व्हीआरआर पुढे सोडतो याची खात्री असेल तरच तसं करा. एरवी संगणक थेट टीव्हीला आणि आवाज ई-एआरसीने साउंडबारला. ब्लूटूथ हेडफोनला १५० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. संगणकाच्या किंवा कंट्रोलरच्या जॅकला तार लावून ऐका.

काही बिघडलं तर

पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा चित्र दोन सेकंद जाऊन परत येतं: ४के ६० वर या. त्रास थांबला तर केबल बदला. ती वळलेली नसतानाही दोष केबलचाच निघतो. ६० वरही तसंच असेल तर टीव्हीचा दुसरा पूर्ण क्षमतेचा पोर्ट वापरून बघा.

टीव्ही बंद-चालू केल्यावर खिडक्या विखुरतात किंवा पडदा कोरा राहतो: टीव्ही बंद झाला की संगणकाला डिस्प्ले काढून घेतल्यासारखं दिसतं. विंडोज ११ मधला खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय चालू करा आणि आधी टीव्ही, मग संगणक या क्रमाने सुरू करा. ग्राफिक्स कार्ड सहसा टीव्हीला जागं करू शकत नाही, रिमोट हाताशी लागतोच.

सगळं बरोबर असूनही लॅग वाटतो: मोजून बघा. फोनचा कॅमेरा २४० फ्रेमवर लावा, माउसचं बटण आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, क्लिक करा. चित्रण फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत बटण दबल्यापासून पडद्यावर बदल होईपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. असं दहा वेळा करून सरासरी काढा, मग गेम मोड बंद करून पुन्हा दहा वेळा. या आकड्यात माउस, संगणक आणि टीव्ही तिघांचा विलंब असतो, त्यामुळे एकटा आकडा फार सांगत नाही, फरक सांगतो. गेम मोडने दहा-वीस फ्रेम वाचत असतील तर टीव्ही आपलं काम करतोय आणि उरलेला उशीर गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये शोधायचा. फरक शून्य आला तर गेम मोड त्या इनपुटवर बहुधा लागलेलाच नाही: टीव्हीच्या मेनूतल्या दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.